‘ऑनलाइन’ दिसतो, मग जबाब का देत नाही?

व्यापारी बंधूंनो, आजकाल तगादा व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. समोरचा ‘ऑनलाइन’ दिसतो पण जबाब देत नाही, म्हणजे त्याची नियत फिरली, असा निकाल लावून वर्षानुवर्षांची उधारी-देवघेव तोडणारे आम्ही राजूरच्या बाजारात पाहतो. म्हणून ही खूण काय सांगते ते आधी समजून घ्यावे.

सोय जुनीच आहे. १९९६ साली इस्रायलमध्ये आयसीक्यू निघाले, १९९८ साली याहूचे मेसेंजर. अशा प्रोग्रॅममध्ये संगणकाला काही मिनिटे हात लागला नाही की नावापुढे ‘आयडल’ ही खूण आपोआप येई. ‘अवे’ मात्र माणूस स्वतः लावू शके: जेवायला गेलो, नमाजला गेलो. याहू मेसेंजर २०१८ मध्ये आणि आयसीक्यू २०२४ मध्ये बंद झाले.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडल’ नाही. ‘ऑनलाइन’ याचा अर्थ एवढाच की त्याचे व्हॉट्सअ‍ॅप उघडे आहे. फोन मालकाच्या हातात आहे की पोराच्या, हे त्यात कळत नाही. टिकेचे तसेच: एक म्हणजे निरोप निघाला, दोन म्हणजे पोचला, निळ्या म्हणजे उघडला. निळी टिक २०१४ पासून आहे, पण ती बंद करता येते. ‘लास्ट सीन’ लपवता येतो, आणि २०२२ पासून ‘ऑनलाइन’सुद्धा. मग दिसणे काय आणि न दिसणे काय, पुरावा कशाचाच नाही.

काही जण दुसऱ्याचा नंबर टाकून तो केव्हा आला-गेला याची नोंद ठेवणारे अ‍ॅप घेतात. ही पाळत झाली, व्यापार नव्हे. त्यातले एखादे तुमचाच क्यूआर कोड स्कॅन करायला सांगत असेल तर साफ नकार द्या, नाहीतर गिऱ्हाइकांचा सारा हिशेब परक्याच्या हाती जाईल.

त्यापेक्षा आपली खबर आपण द्यावी. २०१८ साली आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ‘अवे मेसेज’ फुकट मिळतो. दुकानाची वेळ एकदा भरली की वेळेबाहेर आलेल्या निरोपाला तो आपोआप जातो. जुम्म्याच्या नमाजची वेळ किंवा चतुर्थीच्या गर्दीचा दिवस वेगळा ठरवता येतो. मजकूर साधा ठेवावा: ‘दुकानात गर्दी आहे, संध्याकाळी सातनंतर फोन करतो.’ आणि खरोखर सातनंतर फोन करावा. फक्त आपल्या फोनचे नेट चालू असले पाहिजे. ते बंद असेल तर हा निरोप जात नाही.