गाडी कधी रुसते, ते लिहून ठेवा

बैल आजारी पडला की तो सकाळीही आजारी दिसतो आणि संध्याकाळीही. वैरणीला तोंड लावत नाही. मान खाली घालून उभा राहतो. मग त्याला काय झाले ते कळते. जुन्या मोटारगाडीचे तसे नाही. ती सकाळी चावी फिरवताच सुरू होते. दुपारी तीच गाडी काही केल्या सुरू होत नाही. धावतपळत जाऊन मिस्त्रीला आणावे, तर त्याच्यासमोर पहिल्या झटक्यात सुरू होते! मिस्त्री हात पुसतो आणि म्हणतो, "काय झालंय हिला? चांगली तर आहे." तो जातो. आठ दिवसांनी पुन्हा तीच रड.

कायमचा बिघाड सापडायला सोपा असतो. कधी असतो, कधी नसतो, असा बिघाड मात्र भल्याभल्यांना चकवतो. तो कसा पकडावा, ते या धड्यात पाहू. त्यासाठी आपण प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेऊ.

ही गाडी तुम्ही पाहिली असेल. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या, त्या बहुतेक याच गाडीच्या. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीची गाडी तिथे तयार होऊ लागली. १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. पुष्कळ लोक मात्र तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. २००० सालाच्या सुमारास ती तयार होणे बंद झाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तरी हौसेने किंवा गरजेने ठेवलेल्या पद्मिनी अजून कुठे कुठे आहेत.

आमच्या भागात एका डोंगरकडेच्या वाडीत अशी एक गाडी आहे. गाडीवाला पन्नाशीचा. लहानपणी शाळा सुटली, ती सुटलीच. चाळिशीनंतर रात्रीच्या वर्गात तो लिहायला शिकला. वाडीत चारचाकी त्याची एकटीचीच. कोणी आजारी पडले, कोणाचा पाय मोडला, की लोक त्याच्या दारात येतात. आता १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका येते. आधी तो फोनच करावा. पण पावसात घाटरस्ता बंद असला, तर दारातले वाहन हाच आधार असतो.

एकदा जुलै महिन्यात पहाटे एक बाई बाळंतपणासाठी निघाली. बाईला गाडीत बसवले. चावी फिरवली. इंजिन नुसते घरघर फिरत राहिले, सुरू काही झाले नाही. शेवटी खालच्या गावातून दुधाचा टेंपो आणला. त्यात पाऊण तास गेला. बाई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिले. पण गाडीवाल्याने त्या रात्रीची धास्ती घेतली.

त्याआधी त्याने खर्च कमी केला नव्हता. कोणी म्हणाले बॅटरी बदल, त्याने नवी बॅटरी घेतली. कोणी म्हणाले प्लग गेले, त्याने चारही प्लग बदलले. कोणी म्हणाले पेट्रोलमध्ये कचरा आहे, त्याने टाकी धुऊन घेतली. प्रत्येक वेळी गाडी चार दिवस चालली आणि पुन्हा रुसली. अंदाजाने भाग बदलत जाणे म्हणजे अंधारात दगड मारणे. एखादा लागतोही. पण पैसे मात्र प्रत्येक दगडाचे पडतात.

मग त्याच्या मुलीने त्याला एक वही दिली. ती म्हणाली, "आबा, गाडी बंद पडली की लगेच यात लिहा. मनात ठेवू नका." त्याने लिहायला सुरुवात केली. त्या वहीतली काही टिपणे पाहा:

"९ मे. दुपारी २. तालुक्याहून आलो. चहाला थांबलो. मग सुरू होईना. सेल्फ जोरात फिरतो. अर्ध्या तासाने झाली."

"२१ मे. दुपारी १. लग्नाला आलो. माणसं उतरवली, पुन्हा निघालो तर बंद. सेल्फ फिरतो. सावलीत ढकलली. २५ मिनिटांनी झाली."

"१४ जुलै. पहाटे ५. रातभर पाऊस. सेल्फ फिरतो. झाली नाही. ऊन पडल्यावर ९ वाजता झाली."

"२ ऑगस्ट. सकाळी ६. धुकं. सेल्फ फिरतो. झाली नाही. १० वाजता झाली."

अशी सात टिपणे जमली. चार उन्हाळ्यातल्या दुपारची, तीन पावसाळ्यातल्या सकाळची. ती एकाखाली एक वाचल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली ही, की सातही वेळा सेल्फ जोरात फिरत होता. म्हणजे बॅटरीचा दोष नव्हताच. नवी बॅटरी फुकट गेली. दुसरी गोष्ट अशी, की गाडीला एक रोग नव्हता, दोन होते. एक गरम झाल्यावर होणारा आणि एक ओलीचा. एकावर औषध केले, की दुसरा डोके वर काढी. म्हणून सगळ्यांची फसगत होत होती.

आता इंजिन सुरू व्हायला काय लागते, ते समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनाला मुख्य तीन गोष्टी हव्यात. एक म्हणजे सेल्फने इंजिन फिरवले पाहिजे. याला काही जण 'सेल' म्हणतात. दुसरी, प्लगमध्ये ठिणगी पडली पाहिजे, आणि तीही वेळेवर. तिसरी, हवेबरोबर पेट्रोल आत आले पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी चुकली, तरी गाडी सुरू होत नाही. आपल्याला शोधायचे ते इतकेच, की बंद पडली त्या घटकेला यांतले काय गैरहजर होते. त्या घटकेलाच पाहिले पाहिजे. सुरू झालेल्या गाडीत मागाहून काही दिसत नाही.

ठिणगी पाहायची ती अशी. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट. कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते. कॉइलमधून एक जाड वायर डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात मधोमध जाते. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे कॉइलचा करंट चार प्लगांना पाळीपाळीने वाटून देणारा डबा. ती मधली वायर झाकणातून काढा. कोरड्या लाकडी चिमट्यात धरून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून अर्धा सेंटिमीटर लांब ठेवा. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी उडाली तर कॉइलपर्यंत सगळे ठीक. ठिणगी पिवळी आणि मेंगळट असली, किंवा नसलीच, तर दोष कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा त्यांच्या वायरींत आहे. कॉइलला ठिणगी आहे, पण प्लगच्या वायरीला नाही, तर दोष झाकणात किंवा आतल्या रोटरमध्ये आहे. हाताने उघडी वायर धरू नका. झटका जबर बसतो. पेट्रोल सांडलेले असेल, त्याचा वास येत असेल, तर ही परीक्षा करूच नका. आधी ते पुसा आणि वास जाऊ द्या.

पेट्रोल पाहणे त्याहून सोपे. चावी बंद करा. कार्बोरेटरवरचे हवेचे फिल्टर काढा. आत पाहात अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने एकदा जोरात ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली, तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे. धार नसेल तर तो कोरडा आहे. विडी विझवूनच बॉनेट उघडा, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो.

आता त्या गाडीवाल्याचे पुढे काय झाले ते ऐका. पुढच्या पावसाळी सकाळी गाडी अडली, तेव्हा त्याने दोन्ही परीक्षा केल्या. धार उडाली. कॉइलची ठिणगीही निळी होती. प्लगच्या वायरीला मात्र काही नाही. मग त्याने डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले, कोरड्या फडक्याने आतून बाहेरून पुसले आणि परत बसवले. गाडी लगेच सुरू झाली! चार तास उन्हाची वाट पाहण्याचे काम एका फडक्याने झाले. उजेडात धरून पाहिले, तेव्हा झाकणाच्या आत केसासारखी एक काळी रेघ होती. ती तडा होती. ओल आली की करंट प्लगकडे न जाता त्या रेघेतून पळून जाई. कोरडे असले की तडेचा काही त्रास नसे. नवे झाकण घातले आणि हा रोग गेला. अशी गळती रात्री चांगली दिसते. काळोखात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले, की वायरींवरून आणि झाकणावरून निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. हात मात्र लांब ठेवावा.

दुपारचा रोग निराळा निघाला. उन्हात गाडी अडली, तेव्हा ठिणगी निळी होती. पण कार्बोरेटरमध्ये धार नव्हती. पेट्रोल टाकीत भरपूर, मग इथे का नाही? पद्मिनीची टाकी मागे असते. इंजिनाला लावलेला छोटा पंप तिथून पेट्रोल ओढतो. गाडी पळत असते तोवर पंपातून थंड पेट्रोल सारखे वाहते. गाडी थांबली की वाहणे बंद. पंखाही बंद. इंजिनाची सगळी धग तिथेच कोंडते. पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पेट्रोल ओढता येते, वाफ ओढता येत नाही. मुंबईचे जुने टॅक्सीवाले पंपावर ओले फडके ठेवीत, ते याचसाठी. त्यानेही फडके ठेवले, दहा मिनिटे थांबला, आणि धार आली.

पण ओले फडके हा तात्पुरता उपाय. वाफ इतकी का होते, ते शोधायला हवे होते. वही घेऊन तो तालुक्याच्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने वही वाचली. या वेळी त्याने "चांगली तर आहे" म्हटले नाही. तो सरळ पेट्रोलच्या नळीकडे वळला. पूर्वी कोणी तरी रबरी नळी बदलताना ती एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपाला जवळजवळ टेकवून ठेवली होती. नुसती वाफ होत होती, हे नशीबच म्हणायचे. नळी जळून फुटली असती तर गाडी पेटली असती. मिस्त्रीने नवी नळी लांबून नेली आणि क्लिपांनी पक्की केली. खर्च बॅटरीच्या मानाने अगदी किरकोळ आला.

या नळ्यांबद्दल आणखी एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ पासून ते शेकडा २० पर्यंत आहे. आपल्याकडच्या उसापासूनही ते तयार होते. शेतकऱ्याला ते बरे. पण पद्मिनीच्या काळचे रबर त्यासाठी केलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते, तडकते. पंपातला पडदाही तसाच. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत.

गरम झाल्यावर बंद पडणारी प्रत्येक गाडी वाफेनेच बंद पडते, असे मात्र समजू नका. कॉइल किंवा कंडेन्सर तापून बसला, तरी गाडी अशीच अडते आणि अर्ध्या तासाने अशीच सुरू होते. बाहेरून दोन्ही रोग जुळ्या भावांसारखे. धार आहे पण ठिणगी नाही, तर कॉइल आणि कंडेन्सर पाहा. ठिणगी आहे पण धार नाही, तर पंप आणि नळी पाहा.

आणि सेल्फच फिरला नाही तर? नुसता 'टक्' आवाज आला तर? तेव्हा पुढचे दिवे लावा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी खराब आहे. दिवे साफ विझले, तर टर्मिनल ढिले आहे असे बहुधा समजावे. दिवे जसेच्या तसे राहिले, तर सेल्फपर्यंत करंट जात नाही. नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनलावरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. अर्थची वायर आधी सोडा आणि शेवटी जोडा. इंजिनापासून बॉडीला गेलेली अर्थची पट्टीही पाहा. ती गंजली, की कधी सेल्फ फिरतो, कधी फिरत नाही. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

वहीत काय काय लिहावे? तारीख आणि वेळ. गाडी थंड होती की गरम. किती वेळ उभी होती. हवा कशी होती. सेल्फ फिरला का. ठिणगी होती का, धार होती का. शेवटी कशाने सुरू झाली, आणि किती वेळाने. अक्षर वाकडे आले तरी चालेल, पण जागच्या जागी लिहावे. घरी जाऊन लिहू म्हटले, की अर्धे विसरते. वही गाडीतच ठेवावी आणि पेन्सिल तिला दोरीने बांधावी. पेन ठेवू नये. उन्हात गाडी तापली की त्याची शाई गळते.