मत्स्यसंवर्धनासाठी तलावाची निवड

ज्या माशाला जे पाणी मानवते तेच त्याला द्यावे, हा मत्स्यसंवर्धनाचा पहिला नियम होय. काश्मीरच्या थंड ओढ्यांतील ट्राउट मासा सुमारे २५ अंश सेल्सियसपेक्षा उष्ण पाण्यात तग धरीत नाही. वऱ्हाडातील उन्हाळा त्यास मारक आहे. वर्धाकाठच्या कौंडण्यपूर परिसरातील तलावांस कटला, रोहू व मृगळ हेच मासे योग्य होत.

हे मासे नदीच्या पुरात अंडी घालतात. तलावाच्या संथ पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून बोटुकली विकत घेऊन सोडावी लागते. ती बाजारयोग्य होण्यास सुमारे एक वर्ष लागते. मध्येच पाणी आटल्यास पैसा व श्रम दोन्ही वाया जातात. यास्तव भरलेला तलाव पाहून ठेका घेऊ नये. ज्येष्ठातही निदान दीड मीटर पाणी राहते काय, याची गावच्या भोई मंडळींकडे चौकशी करावी.

पुढे पाण्याची परीक्षा करावी. हात कोपरापर्यंत बुडवावा. हिरवट पाण्यात तळहात त्याच सुमारास दिसेनासा झाल्यास नैसर्गिक खाद्य पुरेसे समजावे. मातीने गढूळ झालेल्या पाण्यास ही परीक्षा लागू नाही. बोटुकली सोडण्यापूर्वी पाणवनस्पती काढाव्यात, मरळीसारखे मांसभक्षक मासे पकडावेत आणि सांडव्यास जाळी लावावी.

विस्तीर्ण परंतु फाल्गुनात आटणाऱ्या तलावापेक्षा लहान पण बारमाही तलाव अधिक लाभदायक ठरतो.