गर्दीतील संदेश : अलोहा पद्धतीचे गणित

वर्गात दहा मुले एकदम उत्तर सांगू लागली, तर एकाचेही नीट ऐकू येत नाही. म्हणून शिक्षक एकेकाला उभे करतात. परंतु उभे करणारा कोणीच नसेल आणि प्रत्येकाने मनात येईल तेव्हा बोलायचे ठरवले, तर किती उत्तरे ऐकू येतील?

हवाई विद्यापीठापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. त्याची महाविद्यालये ओआहू, काउआई, माउई व हवाई या बेटांवर विखुरलेली होती. मोठा संगणक मात्र होनोलुलूजवळ होता. प्रा. नॉर्मन अब्राम्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोनच्या तारांऐवजी रेडिओलहरी वापरायचे ठरवले. जून १९७१ मध्ये ही ‘अलोहा’ यंत्रणा सुरू झाली. हवाईच्या भाषेत ‘अलोहा’ हा शब्द आपल्या ‘नमस्कारा’सारखा वापरतात.

तिचा नियम अगदी साधा होता. सर्व केंद्रांना संदेश पाठवण्यासाठी एकच कंप्रता होती. संदेश तयार झाला की केंद्राने तो लगेच पाठवायचा. तो नीट मिळाला, तर मुख्य संगणकाकडून दुसऱ्या कंप्रतेवर पोच येई. दोन संदेश एकमेकांवर आदळले, तर दोन्ही बिघडत व पोच येत नसे. मग प्रत्येक केंद्र थोडे थांबून तोच संदेश पुन्हा पाठवी. हे थांबणे मात्र प्रत्येकाचे वेगवेगळे व अनियमित हवे. दोघेही सारखाच वेळ थांबले, तर टक्कर पुन्हा ठरलेलीच!

आता गणित पाहू. एक संदेश पाठवण्यास लागणारा काळ हे आपले एकक मानू. आपला संदेश सुरू होण्यापूर्वीच्या एका एककात दुसरा सुरू झाला असेल, तर त्याचा शेवट आपल्या आरंभावर आदळेल. आपल्यानंतरच्या एका एककात कोणी सुरुवात केली, तर तो आपल्या शेवटावर आदळेल. म्हणजे लागोपाठ दोन एकके मोकळी हवीत. अनेक केंद्रे परस्परांपासून स्वतंत्रपणे मिळून दर एककात सरासरी ‘भ’ संदेश पाठवत असतील, तर दोन एकके मोकळी मिळण्याची संभाव्यता १ भागिले ‘ई’चा २भ हा घात एवढी असते. येथे ई = २.७१८. या संभाव्यतेला ‘भ’ने गुणले की दर एककात यशस्वी होणारे संदेश मिळतात :

भ = ०.२५ : यश ०.१५२
भ = ०.५ : यश ०.१८४
भ = १ : यश ०.१३५
भ = २ : यश ०.०३७

०.५ नंतर काय होते पाहा. प्रयत्न वाढतात, पण यश घटते! अयशस्वी संदेश पुन्हा पाठवल्याने भार आणखी वाढतो आणि यंत्रणा ठप्प होऊ शकते. तरीही १८.४ टक्के ही मर्यादा काही वाईट नाही. अब्राम्सन यांनी १९७० मध्ये हिशेब केला होता : एका संदेशाला ३४ सहस्रांश सेकंद लागत असतील व प्रत्येक जण मिनिटाला एक संदेश पाठवत असेल, तर एकाच कंप्रतेवर सुमारे ३२४ जणांचे काम भागते.

१९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी एक सुधारणा सुचवली. काळाचे समान कप्पे पाडावेत आणि संदेश कप्प्याच्या आरंभीच सुरू करावा. मग दोनऐवजी एकच एकक मोकळे लागते आणि कमाल यश दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के होते. मोबाईल फोन मनोऱ्याला पहिली हाक देतो, तीही याच तत्त्वावर.

वर्गात करून पाहा : सहा मुलांना प्रत्येकी एक फासा द्या. प्रत्येक फेरीत सर्वांनी एकदम फासा टाकावा. ज्याला सहा पडतील तो ‘बोलला’. नेमका एकच जण बोलला, तर फेरी यशस्वी. शंभर फेऱ्यांत सुमारे ४० यशस्वी व्हाव्यात. बारा मुले घेतली, तर सुमारे २७. आता सहाच मुले घ्या, पण फाशाऐवजी नाणी उडवा आणि छापा म्हणजे ‘बोलला’ असे माना. यश सुमारे ९ वर येईल. का, ते वहीत लिहा. बारा मुलांनी फाशाबरोबर नाणेही उडवले आणि सहा व छापा दोन्ही पडले तरच बोलायचे ठरवले, तर यश किती होईल? करून पाहा व गणिताशी ताडून घ्या.