जनावरांची प्रतिकारशक्ती : चीक, लस व पाला

पशुचिकित्सा हे शास्त्र आजचे नव्हे. आपल्याकडे शालिहोत्राचे नाव प्राचीन काळापासून चालत आले आहे. चीन देशात अश्वचिकित्सेवरील प्रसिद्ध ग्रंथ इ. स. १६०८ साली झाला व सुया टोचून आणि काढे देऊन उपचार करण्याची रीत तेथे अद्याप चालू आहे. आपल्या तलासरी-डहाणूकडेही झाडपाल्यावर पुष्कळांची श्रद्धा आहे. ती सर्वस्वी चुकीची नव्हे. परंतु पाल्याकडून कोणते काम घ्यावे, हे न समजल्यास गोठा रिकामा होण्याचा प्रसंग येतो.

इ. स. २०२२ साली लंपी चर्मरोग गुजरातेत माजला, ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात दिसला व पुढे महाराष्ट्रभर पसरला. डास, चावणाऱ्या माशा व गोचीड हे त्याचे वाहक होत. उधव्यासारख्या सीमेजवळील गावी याचा विचार अधिकच केला पाहिजे. कारण माशीला सीमा ठाऊक नसते.

प्रतिकारशक्तीचा पहिला ठेवा म्हणजे चीक. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी झुंजणारी द्रव्ये जवळजवळ नसतात. ती त्यास चिकातूनच मिळतात, व आतड्यांतून रक्तात जाण्याचा त्यांचा मार्ग एका दिवसात बंद होतो. याकरिता वासरास पहिल्या तासा-दोन तासांतच चीक पाजावा. वीस किलो वजनाच्या वासरास पहिल्या दिवशी सुमारे दोन लिटर चीक मिळावा. खरवसाचा मोह त्यानंतर.

दुसरा ठेवा लस होय. लंपीकरिता त्या साली शेळ्यांच्या देवीची लस गुरांस टोचण्यात आली. लस निरोगी जनावरासच टोचावयाची असते, व तिचा गुण येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून पावसाळ्यापूर्वीच ती टोचून घ्यावी.

मग पाल्याचे काम काय? आजारी जनावराची शुश्रूषा. लंपीकरिता राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सांगितलेला एक उपाय असा : विड्याची १० पाने, १० ग्रॅम मिरी व १० ग्रॅम मीठ एकत्र वाटून, गुळात कालवून थोडे थोडे चाटवावे. मात्र आजारी जनावर वेगळे बांधून पशुवैद्यास अवश्य बोलवावे. या चाटणाने लसीचे काम होत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण शेतीत जाणतो. गोठ्यातही तेच जाणावे.