गळकी नळी आणि पास्कलचा नियम

शिक्षक मित्रांनो, बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे मुलं पाठ करतात. पण ते कामाला कुठे येतं? मला स्टर्नड्राइव्ह बोटीचं उदाहरण आवडतं. हिचं इंजिन आत असतं आणि पंख्याचा पाय मागे, बाहेर. तो वर-खाली करायला दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात. आतला पंप नळ्यांमधून त्यांत तेल ढकलतो. खाऱ्या पाण्याने जोड गंजला की तेल गळतं आणि वर उचललेला पाय हळूहळू खाली बसतो.

नळी बदलताना आधी पाय पूर्ण खाली आणतात, म्हणजे दाब अडकून राहत नाही. खाली भांडं ठेवतात, तेल पाण्यात जाता कामा नये. नव्या नळीचा जोड आधी हाताने फिरवायचा, मग पान्याने आवळायचा. नंतर तेल भरून पाय बऱ्याच वेळा वर-खाली करायचा. का बरं? आत शिरलेली हवा काढायला!

हेच वर्गात दाखवा. सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज नळीने जोडा, आधी पाणी पूर्ण भरून, मग मुद्दाम मोठा बुडबुडा ठेवून. दुसऱ्या वेळी दट्ट्या स्प्रिंगसारखा लागतो आणि पलीकडचा उशिरा हलतो. हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाही. हे मुलांच्या अंगठ्यालाच कळतं.

पालकांनो, खऱ्या यंत्राची गळती मात्र बोटाने चाचपू नका. दाबाखालची बारीक धार कातडीत घुसू शकते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. जाणकार त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा धरतात.