चतुष्फलकाचं घनफळ : तीन वजाबाक्या आणि एक ताळा

चार शिरोबिंदूंचे निर्देशक देऊन घनफळ विचारलं, की पोरं सूत्र आठवायला धावतात. सूत्र एका ओळीचं आहे गं, गुण जातात ते त्याआधीच्या वजाबाकीत. हे चार बिंदू कागदावर उतरवून घे : अ(२, १, १), ब(५, १, ३), क(२, ४, २), ड(३, २, ६).

एक बिंदू धर आणि तोच धरून राहा. बाकीच्या तिघांतून तो वजा कर. कुठला धरायचा? ज्याचे आकडे इतरांशी जास्त जुळतात तो. इथे ‘अ’ धरलास तर ओळी येतात (३, ०, २), (०, ३, १), (१, १, ५). दोन शून्यं फुकटात मिळाली, तेवढे गुणाकार वाचले. निश्चयक : ३ × १४ = ४२, त्यातून ६ गेले, ३६. सहाने भाग. घनफळ ६ घन एकक.

सहा कुठून आले ते समजून घे, म्हणजे विसरणार नाहीस. निश्चयक देतो तो समांतर षट्फलकाचं घनफळ. आपला पाया त्रिकोणी, म्हणजे त्याच्या पायाच्या निम्मा. वर टोकाशी निमुळती होत जाणारी आकृती त्याच पायाच्या, त्याच उंचीच्या चितीचा तिसरा हिस्सा. निम्म्याचा तिसरा हिस्सा म्हणजे सहावा. पर्यायांमध्ये ३६ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. ते बहुधा भागायला विसरणाऱ्यांसाठीच ठेवलेलं असतं.

एकाच पृष्ठाच्या तीन कडा घेऊ नकोस. अब, बक, कअ अशा फिरत गेलीस तर तिघींची बेरीज शून्य, म्हणून निश्चयकही दर वेळी शून्यच. मग तू बिनदिक्कत ‘बिंदू एकप्रतलीय आहेत’ असं लिहून मोकळी होशील. ‘ड’ तर हिशेबात आलाच नाही! शून्य आलं, की आधी चारही बिंदू वापरलेत ना, ते बघ.

ताळा दुसऱ्या बिंदूवरून कर. तेच गणित त्याच वाटेने पुन्हा केलंस तर चूकही पुन्हा तशीच होते. ‘ड’ धर : (−१, −१, −५), (२, −१, −३), (−१, २, −४). निश्चयक −१० −११ −१५, म्हणजे −३६. आकडा तोच, चिन्ह उलटं. घाबरू नकोस, चिन्ह ओळींच्या क्रमावर ठरतं. घनफळाला ऋण चिन्ह नसतं, केवलमूल्य घ्यायचं.

निर्देशक गाळलेला असेल तर दोन उत्तरं शोध. समज, ड(३, २, म) आणि घनफळ ६ दिलंय. ‘अ’ धरून निश्चयक येतो ९म − १८. तो ३६ही असेल किंवा −३६ही, म्हणून म = ६ किंवा −२. बरीच मुलं ६ लिहून थांबतात. म = २ असताना ‘ड’ बरोबर अबक या प्रतलात येतो आणि घनफळ शून्य होतं. तिथून चार वर गेलं काय नि चार खाली आलं काय, पाया तोच, उंची तेवढीच. चिन्ह सांगतं ते एवढंच, की ‘ड’ प्रतलाच्या कुठल्या बाजूला आहे. प्रश्नात बाजू सांगितलेली नसेल, तर दोन्ही उत्तरं लिहायची.