पाटीच्या दगडावरची द्राक्षे : जर्मनीतील आर नदीचे खोरे

या पानावर एरवी बेणे, खते, पाणी आणि तोडणी यांचीच चर्चा असते. या वेळी आम्ही तुम्हाला जर्मनीतल्या द्राक्षमळ्यात नेणार आहोत. उसाच्या पत्रिकेत द्राक्ष कशाला, आणि तेही वाइनचे कशाला, असे काही जण म्हणतील. पिण्याचा प्रचार करण्याचा आमचा इरादा नाही. पण पिकात साखर भरायची, ती मोजायची आणि शेतकऱ्याला दाम द्यायचा, हा धंदा त्यांचाही आहे आणि आपलाही. शिवाय तिथले बरेच शेतकरी आपल्यासारखेच सहकारी संस्थेचे सभासद आहेत.

जर्मनीत वाइनचे १३ विभाग आहेत. सर्व मिळून सुमारे एक लाख हेक्टर द्राक्ष. त्यात आर खोऱ्याचा वाटा जेमतेम ५६० हेक्टर, म्हणजे चौदाशे एकरांच्या आतबाहेर. आपल्या एका मोठ्या गटाचा ऊस याहून जास्त भरेल. आर नदी आयफेलच्या डोंगरात ब्लांकेनहाइम गावी एका घराच्या तळघरात उगम पावते आणि सुमारे ८५ किलोमीटर वाहून बॉन शहराच्या दक्षिणेला ऱ्हाइन नदीला मिळते. द्राक्षमळे आहेत ते फक्त शेवटच्या टप्प्यात, आल्टेनार गावापासून खाली.

हा मुलूख ५० अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतेच कसे? उत्तर सूर्यात आहे. सप्टेंबरअखेर आपल्याकडे दुपारी सूर्य ७० अंशांच्या वर चढतो, तिथे तो ४० अंशांवरच राहतो. सपाट रानात ऊन तिरपे पडून पसरते. पण उतार दक्षिणेकडे तोंड करून असला तर तेच ऊन त्याच्यावर सरळ पडते. आर नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणून तिच्या उत्तर काठचे डोंगर दक्षिणेला तोंड करून उभे आहेत. मळे बहुतेक त्याच काठावर. पावसाळी वाऱ्यांना आयफेलचे डोंगर अडवतात, तोही फायदा.

हे उतार साधे नाहीत. शंभर फूट पुढे गेले की तीस फूट वर चढावे लागेल, त्याहून जास्त चढ असला की तिथे त्याला ‘उभी जमीन’ म्हणतात. इथे त्याच्या दुप्पट चढाचेही तुकडे आहेत. चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली घालून पायऱ्या केलेल्या. ट्रॅक्टर तिथे चढत नाही. काही ठिकाणी एका रुळावर चालणारी छोटी गाडी माणूस आणि माल वर नेते, बाकी सगळे पाठीवर. आपल्याकडे मजूर मिळत नाही म्हणून आपण कुरकुरतो, तिथे तर छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळे हातानेच.

आता जमिनीकडे वळू. वरच्या भागात खोरे अरुंद आहे, दोन्ही बाजूंना कडे. तिथली जमीन पाटीच्या दगडाची. आपण लहानपणी ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरवली त्याच जातीचा, थराथरांचा काळा दगड. सोबत करड्या रंगाचा कठीण वालुकाश्म. माती नावालाच, पाणी धरत नाही, पाऊस पडला की निथळून जाते. आपण अशा रानाला मुरमाड म्हणून नाक मुरडू. पण हा काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब परत देतो, आणि थंड देशात ती ऊब म्हणजे साखर. वेलीची मुळे दगडाच्या भेगांतून खोल जातात. माल कमी येतो, पण कसदार.

आरवायलर गावाच्या खाली खोरे रुंदावते. तिथे वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पिवळसर पोयट्याचे थर आहेत. जमीन खोल, ओल टिकते, उत्पन्न वाढते. मध्येच लांड्सक्रोनचा डोंगर लागतो, तो मात्र बसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा सोयरा.

वाणांचे म्हणाल तर इथे काळ्या द्राक्षाचे राज्य आहे. उत्तरेकडे पांढरे द्राक्ष सोपे पडते, तरी इथे पाचांतले चार हिस्से काळे. मुख्य वाण श्पेटबुर्गुंडर. फ्रान्समधला पिनो न्वार तोच हा. एकूण क्षेत्राचे जवळजवळ दोन तृतीयांश त्याच्याखाली आहे. पांढऱ्यांत रीसलिंग, थोडेच. मौज आहे ती फ्र्यूबुर्गुंडरची. हा श्पेटबुर्गुंडरमधूनच आपोआप बदल होऊन निघाला आणि सुमारे दोन आठवडे आधी पिकतो. को. ८६०३२ च्या शेजारी को.सी. ६७१ ठेवून बघा, म्हणजे लवकर पिकणाऱ्या वाणाचे मोल कळेल. पण त्याचे मणी बारीक, वजन भरत नाही. शेतकऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि १९६० च्या दशकात तो जवळजवळ नाहीसा झाला होता. गायझेनहाइमच्या संशोधन संस्थेने चांगल्या वेली निवडून त्यांची कलमे वाढवली, म्हणून तो वाचला. एक लक्षात घ्या, ऊस दोन खोडव्यांनंतर मोडून वाण बदलता येतो. वेल पंचवीस-तीस वर्षे रानात असते. तिथे वाण निवडताना बाप मुलासाठीच निवडत असतो.

आता मोजमाप. आम्ही फेब्रुवारीत तुमच्या रानात ब्रिक्स बघायला येतो, ते माप आडोल्फ ब्रिक्स नावाच्या जर्मन माणसाचे. द्राक्षासाठी तिथे फर्डिनांड ओक्सले याचे माप चालते. रीत सोपी आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक हजार ग्रॅम. एक लिटर रसाचे वजन १०८५ ग्रॅम भरले तर तो रस ८५ अंशांचा. म्हणजे साधारण २० ब्रिक्स, आपल्या पक्व उसाच्या रसाइतकाच. या अंशांवर कायद्याने वाइनची प्रत ठरते : काबिनेट, त्यावर श्पेटलेझे, त्यावर आउसलेझे. साध्या वाइनला साखर कमी पडली तर रसात विकतची साखर घालायची कायद्याने मुभा आहे, पण काबिनेट आणि त्यावरच्या प्रतींना ती मुळीच नाही. तिथे साखर वेलीनेच भरली पाहिजे. म्हणून चांगले शेतकरी उन्हाळ्यात कोवळे घड स्वतः कापून टाकतात, म्हणजे उरलेल्यांत गोडी भरते.

सहकारी संस्थेच्या आवारात माल आला की वजन होते आणि तिथेच अंशही बघतात. हिशेब दोन्हींवर. आपल्याकडे एफ.आर.पी. संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर निघते (२०२२-२३ पासून मूळ उतारा १०.२५ टक्के). चौदा महिने ऊस राखून पक्व घालणारा आणि दहाव्या महिन्यात कोवळा घालणारा, दोघांना भाव एकच. हे आम्हाला न्याय्य वाटत नाही, स्पष्टच सांगतो. प्रत्येक गाडीचा रस तपासणे गाळपाच्या घाईत अवघड आहे, आणि नमुना कोणी घेतला, कसा घेतला यावर भांडणे होतील, हेही खरे. पण तोडणी पाळी ठरवताना ब्रिक्स का बघतो, म्हणून आमच्यावर रागावणाऱ्या सभासदांनी हे वाचावे.

या खोऱ्यात सहकार आला तो अडचणीतूनच. व्यापारी सांगेल तो भाव, डोक्यावर कर्ज, कित्येक कुटुंबे अमेरिकेला निघून गेली. १८६८ च्या डिसेंबरात मायशॉस गावच्या १८ शेतकऱ्यांनी एकत्र येऊन संस्था काढली. द्राक्षमळेवाल्यांच्या जगातल्या सर्वांत जुन्या सहकारी संस्थांत तिची गणना होते. ऱ्हाइनच्या पलीकडे, हेडेसडोर्फ गावी फ्रीडरिख विल्हेल्म राइफायझन यांनी १८६४ मध्ये शेतकऱ्यांची पतसंस्था काढली होती. त्याच राइफायझन पद्धतीचा अभ्यास करून फ्रेडरिक निकोल्सन यांनी १८९५ आणि १८९७ मध्ये मद्रास सरकारला अहवाल दिला. पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि त्या वाटेने १९५० मध्ये लोणीच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. तेव्हा आपले आणि त्यांचे नाते तसे दूरचे नाही.

१४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीला महापूर आला. १८०४ आणि १९१० मध्येही मोठे पूर आले होते, पण ती आठवण पुसट झाली होती. अरुंद खोऱ्यात पाणी पसरायला जागा नाही. १३० हून अधिक माणसे गेली. उतारावरच्या वेली बहुतेक वाचल्या. गेली ती तळातली घरे, तळघरांतली पिंपे, यंत्रे आणि नदीकाठचे मळे. अवघ्या आठवड्याभरात, २२-२३ जुलैला, आपल्याकडे कोल्हापूर, सांगली आणि चिपळूण पाण्याखाली गेले, ते तुम्ही विसरला नसाल. आरच्या शेतकऱ्यांकडे हंगाम तोंडावर आला होता आणि हातात अवजारे नव्हती. इतर विभागांतले द्राक्षवाले आपापली यंत्रे आणि माणसे घेऊन आले, म्हणून त्या वर्षीची तोडणी झाली. चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता तशाच विकायला काढल्या, आणि लोकांनी त्या घेऊन चाळीस लाखांहून अधिक युरो उभे केले.